दुपारी तीनच्या फेरीचं काय झालं? केंद्रीय पर्यटन व संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात ७९ वर्षांच्या बाबांना घेऊन मी पुण्याहून चंदीगडला गेले, कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, म्हणजे तिथलं विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालयाचं संकुल बघायला. आत फक्त ठरलेल्या वेळच्या मार्गदर्शित फेरीतूनच जाता येतं. निघण्याआधी एका कार्यालयात दोनदा फोन केला. ओळखपत्र आणा, तीनची फेरी नक्की आहे, वडिलांना व्हीलचेअर मिळेल, असं दोन्ही वेळा सांगितलं. त्या भरवशावर आधी दिल्ली, मग चंदीगड. फाटकावर कळलं, आज फेरी नाही. का नाही? उत्तर नाही. उद्या आहे का? सांगता येत नाही. फोनवर हो म्हणाले होते म्हटलं, तर "कोण म्हणालं, त्याचं नाव सांगा."

दीड तास उन्हात काढला. बसायला बाक नाही. शेवटी बाबा माझ्या बॅगेवर बसले.

साहेब, बाबांची सगळी नोकरी ड्राफ्ट्समनची. पुलांचे खांब, शाळांचे जिने, पाण्याच्या टाक्या, सगळं ट्रेसिंग पेपरवर वाकून. त्यांची मान अजून तशीच वाकलेली आहे. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून हे शहर वसवलं आणि त्यासाठी ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाला बोलावलं, ही गोष्ट मी पुस्तकाआधी त्यांच्या तोंडून ऐकली. विधानसभेच्या सभागृहावरचं ते धुराड्यासारखं निमुळतं कवच त्यांना आतून बघायचं होतं. आणि काँक्रीटवर हात फिरवायचा होता. गिलावा न केलेल्या काँक्रीटवर सेंट्रिंगच्या फळ्यांचे सांधे राहतात, कुठे लाकडाची रेघही उमटते. ते काँक्रीट बायामाणसांनी डोक्यावरच्या घमेल्यांतून वर चढवलं. "फोटोत हे कळत नाही गं," असं ते सगळ्या प्रवासात सांगत होते. बाहेर कंपाउंडच्या भिंतीवर त्यांनी तळवा ठेवून पाहिला आणि लगेच काढून घेतला. "ही नंतरची आहे," म्हणाले.

२०१६ साली युनेस्कोने ल कॉर्बुझिएच्या सात देशांतल्या १७ वास्तूंपैकी एक म्हणून हे संकुल जागतिक वारशात घेतलं. तेव्हा केवढे सत्कार झाले! जगाचा वारसा म्हणायचं आणि पुण्याच्या म्हाताऱ्याला फाटकावरून परत पाठवायचं, हे कुठल्या नियमात बसतं?

सुरक्षेचं मला सांगू नका. १९९५ साली इथल्याच सचिवालयाबाहेर पंजाबचे मुख्यमंत्री बिअंत सिंग यांची हत्या झाली, ते आम्हीही विसरलेलो नाही. तपासा, दहा वेळा तपासा. पण फेरी रद्द झाली हे आदल्या दिवशी कळवायला कुठल्या सुरक्षेची आडकाठी आहे?

मला एवढंच मागायचं होतं: शब्द लेखी द्या, रद्द झालं तर कळवा, फाटकाशी सावली आणि बाक ठेवा. पण लिहिता लिहिता राग वाढतोय, कारण हे एका फाटकाचं नाही. याच चंदीगडच्या कचेऱ्यांतल्या, ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ आणि सहकारी पिअर जानरे याने घडवलेल्या खुर्च्या गच्च्यांवर कुजल्या, भंगारात गेल्या, आणि परदेशातल्या लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या तेव्हा कुठे आपले डोळे उघडले. दिल्लीतलं १९७२ चं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन सभागृह, वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांचं, २०१७ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत पाडलं. वास्तू साठ वर्षांची झालेली नाही, मग वारसा कसला, असं तेव्हा सांगितलं गेलं. माझे बाबा एकोणऐंशीचे आहेत. त्यांना कुठल्या रकान्यात बसवता? स्वातंत्र्यानंतर या देशाने काय बांधलं ते दाखवायची वेळ आली की तुमच्या यंत्रणेकडे कुलूप असतं नाहीतर बुलडोझर. ज्या लोकांच्या पैशांतून आणि घामातून हे उभं राहिलं, त्यांना आत यायला इतक्या विनवण्या का कराव्या लागतात?

परतीच्या गाडीत बाबांनी तिकिटाच्या प्रिंटमागे विधानसभेचा उभा छेद, म्हणजे इमारत मधोमध कापल्यावर दिसेल तसा आराखडा काढला, मनानेच. हात थरथरत होता, पण रेघ सरळ आली. तो कागद या पत्रासोबत पाठवत नाही, तो माझ्याजवळ राहील.

एवढा प्रवास त्यांना आता फार तर एकदा झेपेल, तोही थंडीत. फेरीची तारीख नोव्हेंबरच्या आत लेखी कळवावी.

आपली,
एक नागरिक, पुणे