आमच्या वॉर्डातल्या आशाताईंना

ताई, रामराम.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "असू दे हो काका" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई अंथरुणाला खिळली. कोल्हापुरातलं सीपीआर, म्हणजे मोठं सरकारी रुग्णालय, आमच्या शुक्रवार पेठेपासून काही लांब नाही, पण उठून बसता न येणाऱ्या माणसाला ते मुंबईइतकंच लांब. अशात तुम्ही रक्तदाब-साखर तपासायला आलात. काम झालं होतं, वही मिटली होती, तरी जाताजाता आईच्या पायावरची चादर बाजूला केलीत. टाचेवर लालसर डाग होता. त्यावर बोट दाबून उचललंत. लाली जरासुद्धा फिकी पडली नाही. "काका, ही जखमेची सुरुवात आहे," म्हणालात. शेजारपाजारचे तेल चोळायला सांगत होते, तुम्ही तिथं अजिबात चोळू नका म्हणून बजावलंत. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी कशी ठेवायची, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, हे माझ्या बायकोकडून दोनदा करवून घेतलंत. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना घेऊन परत आलात ते वेगळंच. डाग चिघळला नाही.

मग ते वय वंदना कार्ड. 70 पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. योजना चांगलीच आहे. पण एका केंद्रावर "आजींना घेऊन या" एवढंच उत्तर मिळालं. आणायचं कसं, हे कुणी सांगेना. जन्मभर भांडी घासून आईच्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत, ठसा उमटत नाही. तुम्ही घरी येऊन मोबाईलवर चेहरा दाखवून काम केलंत. आई कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "पदर तरी नीट करू दे की गं!" तेवढं थांबलात. तरी हे कार्ड दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या खर्चाचं. घरातल्या रोजच्या दुखण्याला तुमच्यासारखं माणूसच लागतं. आणि त्या माणसाला सरकार पगार नव्हे, मोबदला देतं. हे मला पटत नाही, आणि ते इथं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. चालती माणसं 43 पर्यंत थांबतात. तुम्ही मात्र इशारा लागायच्या आधीच अंथरुणावरच्या माणसांची यादी घेऊन दारात होता. कोण पडून आहे, कुणाला लघवीची नळी आहे, कुणाची इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे, सगळं वहीत. जामदार क्लबकडून पाणी वर सरकायला लागलं, तेव्हा आई माझ्या बहिणीकडं गोळ्यांच्या डब्यासकट पोचली होती. स्ट्रेचर धरायला तालमीतली पोरंही तुम्हीच जमवली होती. आईनं त्यांना वाटेत रागवून घेतलं, त्याबद्दल त्यांचीही माफी.

एक काम सांगायचं राहिलं. पलीकडच्या बोळातल्या आजोबांचं कार्ड अजून झालेलं नाही, आणि त्यांच्या आधारला मोबाईल नंबरही जोडलेला नाही. दुपारी ते झोपतात, सकाळीच जा. आमच्याकडं नंतर आलात तरी चालेल.

तुमचा,
शुक्रवार पेठेतला काका