मंगळवेढ्याच्या मामींचे आभार

तीर्थस्वरूप मामींस,
साष्टांग नमस्कार.

2016 साली मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी मी सोलापूरच्या घरी वाचली, तेव्हाच हे पत्र लिहायला हवे होते. मामाच्या गावाविषयी पुष्कळ जण लिहितात. त्या गावात आम्हां भावंडांना दोन-दोन महिने खाऊपिऊ घालणाऱ्या मामीचे आभार मानायचे मात्र राहून जाते. माझ्याकडूनही ते राहिले, याचे मनापासून वाईट वाटते.

परीक्षा संपली की आम्ही तिघे एस.टी.ने तुमच्याकडे येत असू. तोवर खळे उरकलेले असे, कडब्याची गंजी रचलेली असे आणि काळ्या रानाला पडलेल्या भेगांत माझा हात कोपरापर्यंत जात असे. तुम्ही आम्हांला पाहुण्यांसारखे बसवून ठेवले नाहीत. ऊन चढायच्या आत नांगरटीपुढची धसकटे वेचायला तुम्ही आम्हांला बरोबर नेत असा, आणि वेचता वेचता सांगत असा की ही जमीन पावसाचे पाणी पोटात धरून ठेवते, त्या ओलीवरच थंडीत ज्वारी उभी राहते, म्हणून उन्हाळ्यात तिची नांगरट चुकवायची नसते. शेतीचे जे थोडेफार मला कळते, ते तिथे कळले.

हुरड्याच्या दिवसांत आमची शाळा असे. म्हणून तुम्ही हुरडा वाळवून, फडक्यात बांधून आमच्यासाठी वैशाखापर्यंत जपून ठेवत असा. त्याच्या भरडीचा वाफाळता भात आणि त्यावर शेंगाची चटणी, ही चव मला पुन्हा कुठेही मिळाली नाही.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे, तो उन्हाळा 1973 चा. आदल्या वर्षी पाऊस गेला होता आणि ज्वारीचे कोठार म्हणवणाऱ्या मंगळवेढ्यातही रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खायची वेळ आली होती. "यंदा मुलांना पाठवत नाही," असे आईने कळवले, तर तुम्ही मामांनाच आम्हांला न्यायला पाठवलेत. तुम्ही दोघेही तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता. तुमच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असत आणि त्याच हातांनी संध्याकाळी तुम्ही भाकरी थापत असा. मिलोच्या पिठाला चिकी नसे, थापताना कडा फाटत. आमच्या ताटात मात्र पांढरी भाकरी पडे. दुरडीच्या तळाशी, फडक्याखाली लाल भाकरी दिसली म्हणून मी एकदा मागितली, तेव्हा "ती तुझ्या मामांना आवडते," एवढेच तुम्ही म्हणालात. कणगी झाडून काढलेली शेवटची मालदांडी तुम्ही आमच्यासाठी राखली होती, हे मला कळायला फार वर्षे लागली. परतताना कडक भाकऱ्यांची चवड बांधून दिलीत, तीही पांढऱ्याच ज्वारीची होती.

मामी, त्या भाकरीबद्दल, वाळवलेल्या हुरड्याबद्दल आणि आम्हांला रानात आपल्या बरोबरीने राबू दिल्याबद्दल मी तुमचा अत्यंत ऋणी आहे. पुढे नोकरीपायी थंडीत तुमच्याकडे येणे कधी जमलेच नाही. आता मी निवृत्त झालो आहे. येत्या पौषात ओला हुरडा खायला तुमच्या रानात येत आहे. आगटीसाठी गोवऱ्या मी रचीन, तुम्ही फक्त शेजारी बसावे.

आपला भाचा