लाइपझिगहून पत्र

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

माझी तब्येत छान आहे. खोकला गेला, जाड कोट घेतला, डबा घरूनच नेते. आई, आता रोज तेच विचारू नकोस.

बाबा, मागे तुम्ही म्हणालात की तिकडचं जुनं गाणं देवासाठी होतं आणि आताचं नुसता धांगडधिंगा. फोनवर उलट बोलवेना, म्हणून लिहिते. जर्मन संगीतकार बाख १७२३ पासून १७५० मध्ये वारेपर्यंत याच गावात होता. सेंट थॉमस चर्चची नोकरी, मुलांना शिकवायचं, शिवाय पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारी नवी रचना उभी करायची. त्याची समाधी त्याच चर्चमध्ये आहे. मुलांचा गायनवृंद तिथे अजून शुक्रवारी आणि शनिवारी गातो. कॉफीच्या पैशांत तिकीट मिळतं, म्हणून जाते. उधळपट्टी करत नाही.

त्या काळी हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) वाजवणाऱ्याला पुष्कळदा कागदावर फक्त खालचा सूर आणि त्याच्याजवळ आकडे मिळत. वरची भरणी त्याने जागच्या जागी करायची. त्याच काळातल्या पाखेलबेल या रचनाकाराच्या 'कॅनन'मध्ये तर खालची ८ स्वरांची एकच ओळ २८ वेळा फिरते, तुम्ही तबल्याला लेहरा धरता तशी, आणि वर तीन व्हायोलिनं एकामागून एक तीच चाल घेत जातात. आज कॅफेत लागणाऱ्या कितीतरी पॉप गाण्यांखाली त्याच वळणाची स्वरसंगती असते. ढोल सोडून खालचा सूर ऐका, म्हणजे पटेल.

मधल्या काळात रचनाकार सगळंच लिहून देऊ लागले आणि वादकाची मोकळीक गेली. मग तबकडी आली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीनएक मिनिटं मावत, तेवढंच गाणं झालं, आणि अजूनही साधारण तेवढंच असतं. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून आलं. आता गायकाचा उतरलेला सूर यंत्र वर उचलतं. हे मात्र मलाही रुचत नाही. सुराकडे जाण्याची वाटच पुसली तर गळ्यात गायकाचं असं काय उरलं?

इथल्या ऐकण्याची मात्र अजून सवय होत नाही. गेवांडहाउस या सभागृहात सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदाची मोठी रचना असते, तिचे बहुधा चार भाग. पहिला भाग संपतो, अंगावर काटा आलेला असतो, आणि कोणी टाळी वाजवत नाही! 'वा' नाही, मान डोलावणं नाही. तेवढ्या वेळात सगळे दाबून धरलेला खोकला काढून घेतात. वाद्यवृंदाचा कंडक्टर पाठमोरा उभा. हात वर गेला की पुन्हा शांत. टाळ्या शेवटी, पण मग थांबतच नाहीत. आपल्या मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसाला समोरून दाद आली नाही तर गवई काळजीत पडेल. इथेही पूर्वी असं नव्हतं. १७७८ मध्ये संगीतकार मोत्झार्टने पॅरिसहून वडिलांना आनंदाने कळवलं होतं की सिंफनीच्या मधल्याच एका जागेला लोकांनी टाळ्या दिल्या. त्याच पत्रात आई फार आजारी आहे असं लिहिलं, पण ती त्याच रात्री गेली होती. वडिलांना एकदम धक्का बसू नये म्हणून. ते वाचल्यावर मला बराच वेळ काही सुचलं नाही. मी तुमच्यापासून काही लपवत नाही, आणि तुम्हीही लपवू नका.

आता कामाचं. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता मीच भरते आहे, त्याची चिंता नको. गच्चीच्या गळतीचे पैसे पाठवलेत, ते ठेवीत टाकू नका, पावसाआधी काम करून घ्या. कोल्हापूरच्या स्थळाचा फोटो पाहिला. माणसं चांगली वाटतात, मी नाही म्हणत नाही. पण पुढच्या वर्षीचं कंत्राट हातात येईपर्यंत त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही, तसं स्पष्ट सांगा. दादाच्या साखरपुड्याला रजा मिळाली नाही. त्याला फोनवर सांगितलं, तो 'चालतंय' म्हणाला, पण आवाज पडला होता. लग्नाचं तिकीट काढलंय.

आई, गुडघ्याचं ऑपरेशन मी येईपर्यंत थांबवायचं ठरवलंयस असं काकूंकडून कळलं. तसं करू नकोस. डॉक्टर देतील ती तारीख घे. पैसे बाजूला ठेवलेत. मी तिथे असायला हवं होतं, हे मला कळतं.

तुमची,
मनू