चिऊच्या दंडावरची चकती

लीड्स, 6 जुलै 2025

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

आज आषाढी. म्हणजे सकाळी तुझी साबुदाण्याची खिचडी झाली असणार आणि साखर मोजायचा कंटाळाही झाला असणार. त्यावर फोनवर भांडू. परवा व्हिडिओवर चिऊच्या दंडावरची चकती पाहून तुझा चेहरा उतरला, आणि मागून बाबा ओरडले, "साखर सहा? अगं, दवाखान्यात न्या तिला!" त्या गोंधळात धड काही सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी बाबांचं. इथे साखरेचं माप वेगळं. इथल्या आकड्याला 18 ने गुणायचं. 6.2 म्हणजे तुमचे 112. झालं, आता त्यांना चहा घेऊ दे.

ती चकती म्हणजे चिऊच्या मधुमेहासाठी लावलेला सेन्सर. तिची केसासारखी तार कातडीखाली असते आणि दर पाच मिनिटांनी साखर सांगते. रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या पाण्यातली, त्यामुळे आकडा थोडा मागून येतो. कमरेला इन्सुलिनचा पंप. आकडे वाचून साखर पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधायचा आणि त्याप्रमाणे इन्सुलिन वाढवायचं, कमी करायचं, वेळ पडली तर थांबवायचं, हे सगळं आता यंत्रच करतं.

हा हिशोब आधी कोण करायचं, ते तू पाहिलंयस. तू आली होतीस तेव्हा रात्री तीनला माझा गजर वाजायचा आणि तू बॅटरी धरायचीस. पोर डोळे न उघडता झोपेतच बोट पुढे करायची. यंत्र लावलं त्या पहिल्या रात्रीही मला तीनला जाग आलीच. फोनवर पाहिलं तर साखर 4.6, रेघ खाली चाललेली, आणि पंपाने इन्सुलिन आपणच बंद केलेलं. चार वाजता 5.8. मी नुसती बसून होते. खरं सांगू, थोडं चुकल्या-चुकल्यासारखंच वाटलं.

या शोधातही एक झोपमोड आहे. अमेरिकेत सिएटलला डेना लुईस नावाची मुलगी होती, तिलाही चिऊसारखाच टाइप 1 मधुमेह. सेन्सरचा गजर इतका हळू की तिला रात्री जागच यायची नाही. तिने आणि तिच्या जोडीदाराने आधी गजर मोठा केला, मग साखरेचा अंदाज बांधणारा प्रोग्राम लिहिला, मग तो पंपाला जोडला, आणि 2015 मध्ये ती कृती सगळ्यांसाठी खुली करून टाकली. असं घरगुती यंत्र तिथल्या कितीतरी जणांनी बनवलं. कंपनीचं पहिलं यंत्र तिथे मंजूर झालं 2016 मध्ये. इंग्लंडमध्ये एप्रिल 2024 पासून सरकारी आरोग्यसेवा टाइप 1 वाल्यांना हे टप्प्याटप्प्याने देते आहे, मुलांना आधी. आम्हाला एक पैसा पडला नाही. आपल्याकडे हेच सगळं पदरचे पैसे घालून करावं लागतं, ते मनात येतंच.

पण आई, यंत्राला डोळे नाहीत. तू हातावर ठेवलेला पेढा त्याला दिसत नाही. कातडीखाली गेलेलं इन्सुलिन कामाला लागायला दहा-पंधरा मिनिटं घेतं, गूळ त्याच्या आधी रक्तात पोचतो. म्हणून काय खाणार, किती, ते घास तोंडात जायच्या आधी पंपाला सांगायचं. दंडावर झोपली की चकती दाबली जाते आणि साखर उगाच कमी दाखवते. तेव्हा बोंब मारण्याआधी कूस बदलायची आणि बोट टोचून पाहायचं. गेल्या महिन्यात तर एक सेन्सर दुसऱ्याच दिवशी मेला आणि कंपनीच्या फोनवर मी चाळीस मिनिटं संगीत ऐकलं.

नळी मुडपली तर मात्र खेळ नाही. पंपात फक्त झटपट इन्सुलिन असतं, ते तुटलं तर काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. म्हणून गणपतीला येताना इंजेक्शनची पेनं आम्ही आणतोच आहोत. फ्रिजच्या दारात एक कप्पा रिकामा ठेव, बर्फाच्या जवळ नको.

आणि कारल्याचा रस तिला नको. तुझ्या आणि तिच्या दुखण्याचं नाव एक, पण तुझं शरीर थोडं तरी इन्सुलिन करतं, तिचं जवळजवळ काहीच करत नाही. तो रस बाबांना पाज.

आम्ही 23 ऑगस्टला सांगलीत पोचू, चतुर्थी 27 ला. मोदक चिऊला हवेतच, यंदा तिने स्वतः वळायचेत. तू एवढंच कर, सारणाचा गूळ आणि उकडीचं पीठ वजन करून घे आणि मोदक किती झाले ते कॅलेंडरवर लिहून ठेव. पुढचा भागाकार माझा.

बाबांना नमस्कार.

तुझी,
मनू