तळमजल्याविषयी काही न लिहिण्याचे ठरवून

चिपळूण,
१२ जून

चि. मिहिर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू "आई, पुरे" म्हणून फोन ठेवलास, त्याला आज चार दिवस झाले. मला राग आलेला नाही. आला होता, पण तो सोमवारी दुपारपर्यंतच टिकला. तू मागितलेली पुस्तके भरून झाली आहेत आणि त्यांची यादी कळवावी, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. तुझ्या कोल्हापूरच्या नव्या खोलीच्या तळमजल्याविषयी त्यात एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवूनच बसले आहे.

खोका बाबूकाकाकडचा, आंब्याचा आहे. पेंढ्याऐवजी तुझे जुने टॉवेल घातले आहेत. घाटात पाऊस असतो आणि कराडला पार्सल उघड्यावर उतरवले तर काय घ्या, म्हणून प्रत्येक पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आहे. मात्र पोहोचल्याबरोबर पिशव्या काढून टाक, कारण बंद पिशवीत दमट हवा कोंडली की बुरशी आतूनच धरते. वेखंडाच्या पुड्या ठेवल्या आहेत, त्या राहू देत. पुस्तके भिंतीला टेकवून ठेवू नकोस आणि खालच्या फळीवर तर मुळीच नको. खाली चपला ठेव, बादली ठेव, काहीही ठेव.

आता यादी. 'गीतारहस्य' अण्णांचे आहे, पुठ्ठा मी नवा घातला. त्याच्या समासात अण्णांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा पुसू नकोस. टिळकांनीही मंडालेच्या तुरुंगात हा ग्रंथ पेन्सिलीनेच लिहिला होता, हे अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि त्यापुढची गोष्ट तर तुला पाठच आहे: १९१४ साली सुटून आल्यावर हस्तलिखित काही काळ सरकारकडेच राहिले, तेव्हा ते परत मिळाले नाही तर आठवून पुन्हा लिहून काढू, असे टिळक म्हणाले होते. १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला. मी ही गोष्ट पुन्हा का सांगते आहे, ते तू ओळखलेच असशील. पुस्तक गेले तर पुन्हा मिळते. त्यावर तू म्हणशील की टिळकांना स्वतःचे पुस्तक पुन्हा लिहिता आले असते, आपल्याला दुसऱ्याचे थोडेच येणार आहे. तेही खरे आहे.

काण्यांच्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'चा खंड पाठवता येत नाही, कारण तो आता नाही. अण्णांनी पुण्याहून भांडारकर संस्थेतून आणलेल्या खंडांचे त्या वर्षी काय झाले, ते तूही पाहिले आहेस. तुझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते नक्की असतील, तिथेच बसून वाच. ते ग्रंथालय टेकाडावर आहे, हे मला माहीत आहे. प्रबंध पुढे सरकत नाही, असे तू मागच्या महिन्यात म्हणाला होतास. आपल्या परशुरामाजवळच्या पेढे गावात जन्मलेल्या काण्यांनी 'व्यवहारमयूख' या जुन्या संस्कृत ग्रंथाला प्रस्तावना म्हणून जे लिहायला घेतले, ते वाढत वाढत पाच खंडांचे झाले. पहिला खंड १९३० साली निघाला तेव्हा ते पन्नाशीचे होते आणि शेवटचा १९६२ साली निघाला तेव्हा ब्याऐंशीचे. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. मग तुझी दीड वर्षे म्हणजे काय? हे लिहिले आणि लगेच वाटले की हे काही उत्तर नव्हे. तुझ्या शिष्यवृत्तीला मुदत आहे, काण्यांना तशी नव्हती. छत्तीस वर्षे मुलांना फळ्यासमोर उभे केल्यावर घरातल्या मुलाशीही मी तसेच बोलते, एवढे समजून घे.

इरावतीबाईंचे 'युगान्त' घातले आहे. तुझ्या विषयाला ते लागेल न लागेल, पण दिवसभर टिपणे काढून डोके बधिर झाले की त्यातले कुंतीवरचे प्रकरण वाच. कादंबऱ्या तू दोनच मागितल्यास. 'ययाती' सापडली. 'गारंबीचा बापू' सापडायला दोन दिवस लागले, कारण आक्काने तो आपल्या उशाखाली ठेवला होता आणि मला दिसला नाही म्हणून शपथेवर सांगत होती. आपल्या बाजूची माणसे पेंडशांनी इतकी अचूक कशी पकडली, यावर तुझा आणि तिचा गणपतीत जो वाद झाला, तो तिला अजून पुढे चालवायचा आहे. त्या प्रतीची पाने लाटांसारखी वाकडी झाली आहेत. खांडेकरही शिरोड्याची शाळा सोडून १९३८ साली कोल्हापुरालाच गेले आणि पुढे तिथलेच झाले. विद्यापीठात त्यांचे संग्रहालय आहे, ते पाहून ये आणि मला कळव. तिथलेच झाले, याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी मी रोज बातम्यांत पाहते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, एवढे मला आता कळते. राधानगरीचे सात दरवाजे आपोआप उघडतात, हेही कळते. आपल्याकडे पाणी आले त्याच आठवड्यात तिथे ते ५० फुटांच्याही वर गेले होते. तुझे घरमालक म्हणतात की त्यांच्या दारात पाणी कधी आले नाही. आपल्या बाजारपेठेतही २००५ चे पाणी जिथपर्यंत आले होते, तिथे लोकांनी भिंतीवर रेघा मारून ठेवल्या होत्या आणि त्याच्या वर सामान ठेवले की झाले, असे सगळे म्हणत. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीने त्या रेघा विचारात घेतल्या नाहीत.

पाहा, लिहिलेच शेवटी.

लिहिलेच आहे तर पुरते लिहिते. पाणी ओटीवर आले तेव्हा तू, मी आणि बाबा पुस्तके पोटमाळ्यावर चढवत होतो. कपाटाचे वरचे तीन कप्पे वाचले. मग जिना अर्धा बुडाला, वीज गेली, आपण तिघे वर बसलो, आणि अण्णांचा मोल्सवर्थ खालीच राहिला हे तुझ्या लक्षात आले. मी नको म्हणेपर्यंत तू उतरला होतास. छातीएवढ्या पाण्यातून तो शब्दकोश डोक्यावर धरून तू परत आलास, ही गोष्ट नंतर सगळ्या आळीला कौतुकाने सांगितली गेली, आणि तशी सांगणाऱ्यांत मीही होते. नववीच्या वर्गाला तर मी ती दोन वर्षे सांगितली. मुले टाळ्या वाजवत. तू वळणाआड गेल्यापासून परत दिसेपर्यंत फक्त पाण्याचा आवाज येत होता आणि मी हाका मारत होते आणि तू ओ देत नव्हतास, एवढा भाग मी वर्गात कधी सांगितला नाही. तू वर आल्यावर मी तुझ्या थोबाडीत मारली, तोही नाही. अठरा वर्षांच्या मुलावर हात टाकायला नको होता. त्याबद्दल मी तुझी कधी क्षमा मागितली नाही, ती आता मागते.

तू तसाच आहेस, हे मला त्याआधीच कळायला हवे होते. जानेवारी २०१३ मध्ये आपल्या गावात साहित्य संमेलन भरले तेव्हा तू दहा वर्षांचा होतास आणि ग्रंथप्रदर्शनाच्या गर्दीत हरवला होतास. तासभर शोधल्यावर तू एका गाळ्याच्या टेबलाखाली, टेबलावरून लोंबणाऱ्या कापडाआड वाचत बसलेला सापडलास. मी रडत होते आणि तू मला विचारलेस की हे पुस्तक विकत घेणार का. घेतले. तेही पुरात गेले.

पूर ओसरल्यावर आपण दोघांनी महिनाभर पुस्तके वाळवली, तो महिना मात्र मला आवडला होता, असे म्हटले तर कोणाला पटणार नाही. चिखल आधी स्वच्छ पाण्याने धुवायचा, मग पुस्तक पंख्यासारखे उघडून उभे करायचे, दहा-दहा पानांमध्ये कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा, उन्हात ठेवायचे नाही. गुळगुळीत कागदाचे चित्रकोश मात्र विटेसारखे घट्ट झाले, त्यांचे एक पान सुटले नाही. आपले वाचन मंदिर १८६४ पासूनचे, २००५ मध्येही भिजले होते आणि तेव्हाही भिजले, तरी पुन्हा उभे राहिले. तिथे मदतीला गेलो असताना अण्णांनी दिलेली पुस्तके ओल्या ढिगातून त्यांच्या सहीवरून तू ओळखत होतास. त्या संध्याकाळी पेठमापची मावशी म्हणाली की मुलगा अण्णांवर गेला. मी काही बोलले नाही, पण घरी येईपर्यंत मला तेवढेच आठवत होते.

तू मोल्सवर्थही मागितला आहेस. तो पाठवत नाही. जड आहे, खोक्यात बसत नाही, असे सांगणार होते. तो बसतो, मी बसवून पाहिला. पण तो तिथे असला आणि पाणी आले, तर तू काय करशील ते मला माहीत आहे. लागेल तो शब्द फोनवर विचार. मी चष्मा लावून शोधून सांगेन, रात्रीसुद्धा.

खोली बदल, असे मी म्हणत नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलाशी ओळख करून ठेव, त्याचे नाव आणि नंबर मला कळव, एवढेच.

खोका शनिवारच्या सकाळच्या गाडीने निघेल. पावती सोबत जोडली आहे, ती दाखवल्याशिवाय पार्सल देत नाहीत. खोका फोडू नकोस, खिळे सांभाळून काढ, बाबूकाकाला तो परत हवा आहे.

तुझी
आई