नाशिकहून, एर्टा आलेच्या वाटेवर भेटलेल्या सरांना

सर, सादर नमस्कार.

तुमचा जुना नंबर आता लागत नाही, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय. तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या नजरेस पडलं तर तुमच्यापर्यंत पोहोचेल.

निमित्त झालं एका ज्वालामुखीचं. 23 नोव्हेंबर 2025 ला इथिओपियात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला, त्याची राख सुमारे 14 किलोमीटर वर गेली आणि तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून थेट आपल्याकडे आली. विमानं रद्द झाली, माझा भाचा विमानतळावर अडकला. तिथून त्याचा फोन: "मामा, तू गेला होतास ना तिकडे? हे काय प्रकरण आहे?" मी त्याला वीस मिनिटं सांगत बसलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्यातला शब्दन् शब्द तुमचा होता. आणि तुमचे आभार मी कधी नीट मानलेच नाहीत.

जानेवारी 2016. आमच्या टोळीत मी एकटा बँकेतून निवृत्त झालेला, खडकाशी संबंध फक्त किल्ले चढण्यापुरता. तुम्ही सत्तरच्या दशकात तिथल्या शाळेत शिकवलेले, अम्हारिक बोलणारे. उन्हात चढणं अशक्य म्हणून रात्रीच निघायचं, गाद्या उंटांवर, बंदूकधारी सोबतीला. एर्टा आले हा ज्वालामुखी जेमतेम 613 मीटर उंच. आपल्या कुठल्याही किल्ल्यापुढे किरकोळ, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो. तिसऱ्या तासाला गुडघा धरला तेव्हा काही न बोलता तुम्ही तुमची काठी मला दिलीत आणि माझी पाण्याची बाटलीही घेतलीत. तुम्ही माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे.

वरच्या कुंडात पायाखाली ताज्या लाव्हाची पापुद्र्यासारखी काच चुरचुरत होती. तुम्ही बॅटरीचा झोत एका ठिकाणी धरलात. दगडावर दोरखंडासारखे पीळ. "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे," म्हणालात. लाव्हाचा वरचा पापुद्रा गार होऊन घट्ट होतो, आतला अजून वाहत असतो, त्या ओढीने वरच्याला मुरड पडते. असे पीळ आपल्या सह्याद्रीतही आहेत हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आयुष्यभर त्यांच्यावरून चालत आलो होतो.

मग ते लाव्हाचं तळं. सगळ्यांचे कॅमेरे बाहेर, माझाही. तुम्ही माझा हात खाली केलात: "अहो बँकवाले, लाल बघू नका. काळं बघा."

दूध तापल्यावर साय धरते तशी तळ्यावर काळी साय होती. ती मधेच फाटायची, फटीतून लाल वर यायचं, दोन्हीकडचे तुकडे एकमेकांपासून सरकायचे. पलीकडे एक तुकडा दुसऱ्याखाली जाऊन बुडायचा. मिनिटभरात सगळी मांडणी नवी. पृथ्वीच्या पाठीवर कोट्यवधी वर्षं चाललेलं काम त्या तळ्यात डोळ्यांदेखत होत होतं. फरक इतकाच, की इथे त्याला मिनिटं पुरत होती. तेवढ्यात वारा फिरला, गंधकाचा धूर अंगावर आला, माझा घसा आवळला. तुम्ही मला कॉलरला धरून वाऱ्याच्या बाजूला ओढलंत, ओला पंचा तोंडावर दाबलात. धूर सरल्यावर जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागलात, हे मी घरी शंभरदा सांगितलंय.

अफारमध्ये, म्हणजे इथिओपियाच्या त्या ईशान्य भागात, पृथ्वीच्या कवचाच्या तीन पट्ट्या एकमेकींपासून दूर जातात: अरबस्तानाची, आफ्रिकेचा मोठा पश्चिम भाग असलेली न्युबियाची आणि पूर्वेची सोमालियाची. वर्षाला सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर. मी विचारलं, मग रोज थोडी थोडी फाटते का? तुम्ही माझ्याच भाषेत सांगितलंत: "जमीन हप्ते भरत नाही हो. थकवते, थकवते आणि एकदम फेडते." सप्टेंबर 2005 मध्ये तिथल्याच दब्बाहू ज्वालामुखीपाशी तसंच झालं. खालून लाव्हारस घुसला, सुमारे 60 किलोमीटर लांबीची भेग पडली, काही ठिकाणी जमीन 8 मीटरपर्यंत सरकली, तेही काही आठवड्यांत. मी तिथेच हिशेब केला, चारेकशे वर्षांची थकबाकी. तुम्ही खूश झालात.

दल्लोलच्या रंगीत गरम झऱ्यांपाशी पोहोचल्यावर मी शहाणा झालो होतो, रंग बघायचे नाहीत हे ठरवूनच उतरलो. (पण बघितले. पिवळे, हिरवे, विटकरी. कोण नाही बघणार?) तुम्ही दाखवलंत ते मीठ. समुद्रसपाटीच्या सुमारे 120 मीटर खाली ते मैदान, आणि त्याखाली किलोमीटरभराहून जाड मिठाचे थर. तांबडा समुद्र आत आला, वाट बंद झाली, पाणी आटलं, असं पुन्हा पुन्हा. खालच्या उष्णतेने तापलेलं पाणी त्या थरांतून मीठ, गंधक, लोह विरघळवून वर आणतं, म्हणून ते रंग आणि म्हणूनच ते जहाल आम्ल. पलीकडे अफार माणसं लाकडी दांड्यांनी मिठाची लादी उचकटत होती, त्याचे सारख्या मापाचे चौकोन तासून उंटांवर चढवत होती. एकाला अम्हारिक येत होतं, त्याच्याशी तुम्ही अर्धा तास बोललात आणि आमची गाडी खोळंबली. बाकीचे वैतागले होते, आता सांगायला हरकत नाही.

पण माझ्या मनात राहिलंय ते परतीच्या रस्त्यावरचं. मी म्हणालो, "सर, म्हणजे आपला सह्याद्री लहानपणी असाच दिसत असणार." तुम्ही मान हलवलीत. सह्याद्रीची धाकटी बहीण इथे नाही, म्हणालात, ती वर पठारावर आहे, आपण लालिबेलाला पाहिली ती. आपला दख्खनचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, इथिओपियाच्या पठारावरचा सुमारे 3 कोटी वर्षांचा. वेरूळचं कैलास वरून खाली कोरलं, तशीच लालिबेलाची ख्रिस्ती देवळंही ज्वालामुखीच्याच खडकात वरून खाली कोरली. अफार ही त्यापुढची पायरी. आपल्याकडे लाव्हा वाहून झाल्यावर सेशेल्स बेटांचा तुकडा तुटून गेला आणि मधे समुद्र आला. "तेव्हा इथे उभं राहून आठवायचंच असेल, तर कोकणाचा किनारा आठवा. तोही अगदी असाच नव्हता, पण तोच आठवा."

तेव्हापासून मी रत्नागिरीला गेलो की समुद्राकडे वेगळ्या नजरेने बघतो, सर.

आपण पाहिलेलं तळं राहिलं नाही. जानेवारी 2017 मध्ये ते काठावरून उतू गेलं, मग डोंगराच्या कुशीला भेगा पडल्या आणि पातळी खोल उतरली. हायली गुब्बी त्याच रांगेतला, थोडा दक्षिणेला. त्याआधी त्याच्या उद्रेकाची नोंदच नव्हती. आफदेराकडची गावं राखेने भरली असं वाचलं, तेव्हा तुमचा तो मीठवाला आठवला. तो कुठला, हे विचारायचं राहून गेलं.

सोबत एक फोटो टाकलाय. आमच्याकडे रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथल्या खडकावर मला पीळ दिसले. ते खरंच लाव्हाचे पीळ आहेत की मला आता सगळीकडे सुंभच दिसतो, हे कळवा. चुकत असेन तर स्पष्ट सांगा. आणि इकडे आलात तर काठी आणू नका, तुमची माझ्याकडेच राहिली आहे.

आपला,
बँकवाला