झाकल्या मुठीचा हिशेब : मा. विधी व न्याय मंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : धार्मिक संस्थांतील लैंगिक अत्याचार दडपणाऱ्या विश्वस्तांच्या व प्रमुखांच्या जबाबदारीबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी नाशिकमध्ये राहणारी एक निवृत्त मुख्याध्यापिका आहे. काही वर्षांपूर्वी माझे एक माजी विद्यार्थी आपल्या ११ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा एका धार्मिक संस्थेत राहून शिकत होता आणि तेथील एका शिक्षकाने आपल्याशी काय केले, हे त्याने सुटीत घरी आल्यावर आईला सांगितले होते. वडील आधी संस्थेच्या प्रमुखांकडे गेले. प्रमुखांनी त्यांना आदराने बसवून घेतले, चहा दिला, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि "घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवू" असे सांगून त्यांची बोळवण केली. महिनाभरात तो शिक्षक दुसऱ्या तालुक्यातील शाखेत रुजू झाला. तेथेही मुलेच होती.

मी पोलिसांना लेखी कळवले. जबाबाच्या वेळी मात्र कुटुंबाने "आमचा गैरसमज झाला होता" असे सांगितले. मधल्या आठवड्यात गावातील चार प्रतिष्ठित माणसे त्यांच्या ओसरीवर येऊन बसून गेली होती, हे मला फार उशिरा समजले. त्या बापाला मी दोष देत नाही. ज्या पंगतीत जन्म गेला, तिथून उठवले जाण्याची भीती शहरात बसून मोजता येत नाही.

या प्रकरणानंतर मी कायदा वाचू लागले. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, धार्मिक संस्थेतील व्यवस्थापनाने किंवा कर्मचाऱ्याने तेथील बालकावर केलेला अत्याचार अधिक गंभीर मानतो. कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, तर हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपल्याच राज्यातील, राजुरा येथील वसतिगृहात आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि अशी माहिती दडवून ठेवणे हा स्वतःच गंभीर गुन्हा असल्याचे बजावले. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही याच कारणासाठी गुन्हा नोंदवला गेला.

तरीही एक मोठी फट राहते. कायद्याने संस्थाप्रमुखासाठी ठरवलेली जादा शिक्षा "हाताखालच्या" माणसाच्या गुन्ह्यापुरती आहे. मठ, आश्रम, दर्गा किंवा चर्च यांत अनेकदा गुन्हेगार हाताखालचा नसतोच. तो गादीवर बसलेला असतो आणि विश्वस्त त्याच्या पायाशी. अशा वेळी विश्वस्त आपण केवळ सेवक असल्याचे सांगून मोकळे होतात. शिवाय पीडित स्त्री सज्ञान असेल तर संस्थेवर पॉक्सोसारखे कळवण्याचे बंधन नसते. आसाराम यांच्या खटल्यात २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने त्यांना अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल जन्मठेप देताना ती मुलगी जिथे शिकत होती त्या गुरुकुलाचे संचालक आणि वसतिगृहाची वॉर्डन यांनाही २० वर्षांची शिक्षा सुनावली होती (वॉर्डनची शिक्षा पुढे अपिलात स्थगित झाली), पण त्या दोघांवर गुन्ह्यात सामील असल्याचा आरोप होता. जे सामील नव्हते, फक्त गप्प बसले, त्यांच्यापर्यंत खटला सहसा पोचत नाही.

हा प्रश्न एका धर्माचा नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या २०१८ च्या चौकशीत ३०० हून अधिक कॅथलिक धर्मगुरूंनी १,००० हून अधिक बालकांवर अत्याचार केल्याचे आणि वरिष्ठांनी ते वर्षानुवर्षे झाकल्याचे नोंदले गेले. बॉस्टनच्या कार्डिनल लॉ यांना २००२ मध्ये पद सोडावे लागले ते याच झाकपाकीमुळे, जरी दीड-दोन वर्षांतच रोममधील एका मोठ्या बॅसिलिकेचा मान त्यांच्या पदरात पडला. इंग्लंडमध्ये तेथील चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला. अत्याचार त्यांनी केला नव्हता. चर्चशी संबंधित दुसऱ्या माणसाने केलेल्या अत्याचारांची २०१३ मध्ये माहिती मिळूनही पुरेसा पाठपुरावा केला नाही, एवढ्यासाठी त्यांना जावे लागले. आपल्याकडे एवढ्या कारणासाठी एखाद्या देवस्थानाचा साधा विश्वस्तही पायउतार झाल्याचे मला आठवत नाही.

आणि हे काही परदेशातून उसने आणायला नको. वैष्णव संप्रदायाचे धर्मगुरू, म्हणजे 'महाराज', स्त्री-भक्तांचे शोषण करतात असे छापल्याबद्दल पत्रकार करसनदास मुळजी यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा झाला. १८६२ साली मुंबईत गाजलेला हा महाराज लायबल खटला करसनदासांनी जिंकला, हे आपण जाणताच. त्याआधीच महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्याला जातीबाहेर टाकण्याचा ठराव करणाऱ्या भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांवर कटाचा खटला चालून त्यांना दंड झाला होता. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी न्यायालयाला जे दिसले, ते म्हणजे तोंड बंद करणाराही गुन्हेगारच असतो. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदाही केला आहे. ओसरीवर येऊन बसणाऱ्या त्या चौघांना त्याची खबर नसावी, किंवा असूनही पर्वा नसावी.

आपल्या खात्याकडे मात्र एक हत्यार आहे, ते म्हणजे धर्मादाय आयुक्तालय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करता येते. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरणे हे त्याचे एक कारण आहे, पण दोष सिद्ध होईपर्यंत मूल मोठे होते आणि साक्षीदार पांगतात. त्याच कलमात कर्तव्यात सतत कसूर हेही कारण आहे. अत्याचाराची तक्रार पोलिसांपर्यंत न नेणे किंवा आरोपीची दुसऱ्या शाखेत बदली करणे ही अशीच कसूर मानली जाईल, असे नियमांत स्पष्ट लिहावे. ज्या न्यासाचा हिशेब दरवर्षी तपासला जातो, त्याने वर्षभरात आलेल्या अशा तक्रारी आणि त्या पोलिसांना कळवल्याच्या तारखाही, पीडितांची ओळख उघड न करता, त्याच विवरणासोबत द्याव्यात. दानपेटीतल्या रुपयाचा हिशेब लागतो, तर हाही लागायला हरकत नसावी.

सुरुवात नाशिकपासून करता येईल. २ ऑगस्ट २०२७ रोजी सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान आहे. साधुग्राममध्ये आखाडे, खालसे आणि आश्रम यांना शासनच जागा, पाणी आणि वीज देणार आहे. जागा देताना प्रत्येक प्रमुखाकडून असा प्रकार कळल्यास तत्काळ पोलिसांना कळवण्याचे लेखी हमीपत्र घ्यावे, आणि जादूटोणाविरोधी कायद्याखालील दक्षता अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक, तसेच बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक, तपोवनात आणि त्र्यंबकेश्वरात ठळक अक्षरांत लावावा. यात साधूंचा अपमान आहे असे कोणी म्हणेल. माझी आजी पौष वारीला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला पायी जात असे आणि मीही काळारामाला जाते. मला यात अपमान दिसत नाही.

त्या शिक्षकाची बदली ज्या शाखेत झाली, ती शाखा अजून चालू आहे आणि येत्या जूनमध्येही तेथे मुले दाखल होतील. तिचे नाव येथे देणे योग्य नाही. पोलिसांना दिलेल्या माझ्या अर्जाच्या प्रतीसह ते मी आपल्या कार्यालयाकडे बंद पाकिटातून स्वतंत्रपणे पाठवत आहे. पोच मिळावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
नाशिक